यंदाची भाकणूक

मांजरी गावच्या जत्रेत भाकणूक सांगायचा मान आमच्या घराचा. देव अंगात आला की मी गावाला येत्या वर्षाचं पाऊसपाणी, रोगराई मोठ्याने सांगतो. भानावर आलो की रीतीप्रमाणे विचारतो, "काय बोललो मी?" मग पंच सगळं पुन्हा म्हणून दाखवतात.

खराडीच्या कंपनीतला आमचा नातजावई पियुष यंदा पहिल्यांदाच आला होता. "आजोबा, भाकणूक म्हणजे फोरकास्टच ना?"

"फोरकास्ट चुकला तर कारणं तुम्ही देता, जावईबापू. भाकणूक चुकली तर गावच आपलं काय चुकलं ते शोधत बसतं."

भाकणूक झाली. मी विचारलं, "काय बोललो मी?"

पंचांनी माना खाली घातल्या. पियुष मोबाइलवर रेकॉर्ड करत होता, त्याने तो खिशात टाकला.

"जावईबापू, ऐकवा की."

"नको, आजोबा."

"अहो, आधी पाणी प्या," आमची कारभारीण यमुना म्हणाली. तिने तांब्या पुढे केला.

चाळीस वर्षं मी पेपरातलं हवामान वाचून भाकणूक पाठ करतोय आणि काही आठवत नसल्याचं सोंग आणतोय.

यंदा मला खरंच काही आठवत नव्हतं.