माहीत असलेला माणूस

काँग्रेसमन व्हिटलॉक यांच्या कोटावर आज परीक्षितच्या फोटोचा बिल्ला नव्हता. सुमित्राकाकूंच्या ते दारातूनच लक्षात आलं. तो बिल्ला लावून हा माणूस वर्षभर टीव्हीवर गरजत होता. इथे अमेरिकेतल्याच डब्लिन गावात वाढलेला एक इंजिनियर परदेशात कामाला जातो, तिथे नाहीसा होतो, आणि ज्या गुप्तचर एजन्सीनं त्याला पाठवलं ती म्हणते आम्हाला माहीत नाही. मग माहीत आहे कुणाला?

"बसा ना," व्हिटलॉक म्हणाले, आणि स्वतः उभेच राहिले.

एकनाथकाका आणि काकू बसले. काकूंच्या शेजारी ज्ञानदा बसली. ती व्हिटलॉक यांच्या याच ऑफिसात नोकरीला होती आणि मुलाची चौकशी करणारे या दोघांचे फोन वर्षभर तीच घेत होती.

"गेल्या आठवड्यात एजन्सीनं मला वॉशिंग्टनला बोलावून घेतलं," व्हिटलॉक म्हणाले. "बंद खोलीत. परीक्षितबद्दल सगळं सांगितलं."

काकूंनी काकांचा हात घट्ट धरला. याच वाक्यासाठी त्यांनी या माणसाच्या मागे लकडा लावला होता. तुम्ही एजन्सीवर देखरेख करणाऱ्या समितीत आहात, तुम्ही अडून बसलात तर त्यांना सांगावंच लागेल. आणि त्यांनी सांगितलं की. अगदी सौजन्यानं, कॉफी देऊन सांगितलं.

"मग?" काकूंनी विचारलं.

"मग आता मला बोलता येणार नाही."

काकांचा जन्म सॉफ्टवेअरमध्ये गेला होता. एकेक पायरी तपासत ते म्हणाले, "म्हणजे तुम्हाला काही माहीत नव्हतं, तोवर तुम्ही वाटेल ते बोलू शकत होतात."

"हो."

"आणि आता माहीत आहे, म्हणून गप्प."

"आत जाताना सही करावी लागते, मिस्टर पारसनीस. एक शब्द फुटला तरी गुन्हा होतो. टीव्हीवर आधी बोललो तेसुद्धा आता पुन्हा बोलायची सोय नाही. त्यातलं मी आता काय गाळतो, त्यावरून खरं काय होतं ते कळेल ना."

फार ओरडणाऱ्या लोकप्रतिनिधीशी एजन्सी कधी भांडत नाही. त्याला मानानं आत बोलावते, दार लावते आणि खरं काय ते सांगून टाकते. थाप मारली असती तर बिचारा अजून ओरडत राहिला असता.

"काकू, मलापण काही सांगितलं नाहीये त्यांनी. आय स्वेअर," ज्ञानदा हळूच म्हणाली. "मला क्लिअरन्स नाहीये ना, सो मी आत जाऊच शकत नाही."

"माहितीये गं बाळा."

काकूंना आणखी एक विचारायचं होतं. तीस वर्षं अमेरिकेत काढली, पालकसभांतून, बँकांतून, दवाखान्यांतून इंग्रजीवर काही अडलं नाही. आज मात्र जीभ वळेना.

"ज्ञानदा, तूच विचार त्यांना. सोमवारी पितृपक्ष लागतोय. हे म्हणतात, या वर्षी परीक्षितचं करू या. देवळातले गुरुजी म्हणतात, बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची असते. मी बघेन. चोवीस सांगा, चोवीस बघेन. त्यांना म्हणावं, कुठे, कसा, कुणी, काही सांगू नका. फक्त आम्ही वाट बघायची की नाही, तेवढं सांगा."

ज्ञानदानं इंग्रजीत सांगायला घेतलं आणि दोनदा अडखळली. "त्यांच्याकडे... म्हणजे आमच्याकडे, एक पंधरवडा असतो. गेलेल्या माणसांना जेवायला पान वाढतात. परीक्षितचं पान वाढायचं का, असं विचारतायत."

व्हिटलॉक यांना वाक्य शिकवून ठेवलेलं असणार. "या बाबतीत मी दुजोरा देऊ शकत नाही," इथपर्यंत ते आले. "आणि इन्कारही करू शकत नाही," हे पुढचं अर्धं त्यांच्याच्यानं होईना. ते वळून खिडकीशी गेले आणि खालच्या पार्किंग लॉटकडे बघत राहिले. पाठमोऱ्या माणसाचे खांदे थरथरत होते. तो काही कुठल्याही कायद्यानं गुन्हा ठरला नसता.

काकांनी मान खाली घातली. काकूंना मात्र आधी त्या माणसाचीच दया आली. स्वतःचं रडू पुढे जन्मभर होतंच. त्या उठल्या, खिडकीशी गेल्या आणि मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. आता इंग्रजी बरोबर आलं.

"तुम्ही आम्हाला काहीही सांगितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "कुणी विचारलं तर मी तसंच सांगेन. ज्ञानदाही सांगेल."

व्हिटलॉक यांनी मागे वळून पाहिलं नाही.

ज्ञानदा दोघांना गाडीपर्यंत सोडायला आली. काकांनी इंजिन सुरू केलं, पण गाडी काही हलेना. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ते तसेच बसून राहिले.

"बापानं पोराचं करायचं," ते म्हणाले. "सुमित्रा, मला नाही जमायचं."

काकूंनी सीटबेल्ट लावला, पदर नीट केला. रस्त्यापलीकडच्या शाळेतून पिवळी बस निघाली होती. ती वळून दिसेनाशी होईपर्यंत त्या तिच्याकडे बघत राहिल्या.

"अहो, आधी इंडियन स्टोअरला चला," त्या म्हणाल्या. "घरात नुसते पांढरेच तीळ आहेत."