नऊ बुडबुडे

कन्निकाचा आवाज तिसऱ्यांदा अडकला, तेव्हा थवतसाहेबांनी माइक तिच्या हातून काढून घेतला आणि स्वतःच बोलून मोकळे झाले. समोर होती चौथीची पोरं. त्यांच्यापुढेही हिची दातखीळ बसावी म्हणजे कमाल झाली.

परतताना गाडीत साहेब म्हणाले, "वैशाख पौर्णिमेला विहाराच्या तळ्यावर लोक पुण्य म्हणून मासे सोडायला येतील. त्यांच्याशी दहा मिनिटं बोलायचं. जमलं तर तुला कायम करा म्हणून वर लिहितो. नाही जमलं तर माझाही नाइलाज आहे, पोरी."

मत्स्य कार्यालयातली ही हंगामी नोकरी तिने दोन वर्षं धरून ठेवली होती. माशांची नावं झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगेल. माशांपलीकडे तिला कुणी काही विचारलंही नव्हतं. पण चार माणसं जमली की घशाला कोरड. घरी आई गाडीवर विकायची केळी भाजता भाजता म्हणाली, "गिऱ्हाइकाशी भांडताना बरी जीभ चालते तुझी. त्यांनाच गिऱ्हाईक समज." कन्निका चिडली. चीड आईची नव्हती, स्वतःचीच होती.

शेवटी ती विहारातल्या थोरल्या भंतेंकडे गेली. त्यांनी तोडगा सांगितला तोही साधा. हातून घडलेलं एखादं चांगलं काम आठवायचं, ज्याने जीव निवतो असं. रोज पहाटे डोळे मिटून त्याच्याजवळ बसायचं. "आपण कधीतरी चांगलं वागलोय, हे मनाला पटलं की माणूस ताठ उभा राहतो," ते म्हणाले.

तिला फार शोधावं लागलं नाही. ती सात वर्षांची असताना आई तापाने फणफणली होती. आईला आयुष्य मिळावं म्हणून आजोबांनी बाजारातून एक कासव आणलं, सोडायला. घुमटासारखी उंच पाठ, जाडजूड गोल पाय. "हत्तीचे पाय आहेत याला," आजोबा म्हणाले होते, "शंभर वर्षं जगेल. तुझी आईपण." तिने विहाराच्या याच तळ्यात ते अलगद सोडलं. ते सरळ तळाला गेलं. पाठोपाठ बुडबुडे वर आले. आशीर्वाद पाठवतंय, मोज, असं आजोबांनी सांगितलं. नऊ आले. नऊ म्हणजे शुभच. मग पाणी शांत झालं, आणि तिसऱ्या दिवशी आई उठून बसली.

तीन आठवडे कन्निका बसली. एका श्वासाला एक बुडबुडा. सुरुवातीला नुसता वैताग. पाचव्याला डास चावायचा, सहाव्याला माइक आठवायचा, की पुन्हा एकपासून. एकदा तर चटई लाथाडून उठली आणि भंतेंना सांगून आली, माझ्याच्याने हे होणार नाही. ते म्हणाले, उद्या ये. शेवटच्या आठवड्यात मात्र नऊ पुरे व्हायला लागले. नवव्यानंतर छातीत ती जुनी शांतता उतरायची.

पौर्णिमेच्या सकाळी तळ्याभोवती ही गर्दी. ऐन वेळी साहेबांनी तिच्या हातात भलताच कागद कोंबला. माशांचं राहू दे, म्हणाले, बाजारात कासवांच्या टोपल्याच्या टोपल्या आल्यात, आज हेच सांग. पाठ केलेलं सगळं वाया! कागद आधी नजरेखालून घालायलाही वेळ नव्हता. तिने डोळे मिटले, नऊपर्यंत गेली आणि माइक तोंडाशी धरला.

आवाज निघाला. चांगला खणखणीत निघाला. कडेला केळ्यांची गाडी लावून उभ्या असलेल्या आईने हातातला चिमटा खाली ठेवला.

"सगळीच कासवं पाण्यातली नसतात," कन्निका वाचत होती. "पाठ उंच आणि पाय हत्तीसारखे गोल असतील, तर ते जमिनीवरचं. त्याला पोहता येत नाही. ते रानात सोडा."

पहिल्या रांगेत मांडीवर कासवाची परात घेऊन बसलेल्या एका मुलीने विचारलं, "ताई, आणि तळ्यात सोडलं तर?"

कागदावर ते नव्हतं. साहेब उत्तर द्यायला पुढे सरसावले. कन्निकाने त्यांना हातानेच थांबवलं. आवाज जराही अडकला नाही.

"सरळ तळाला जातं," ती म्हणाली. "मग नऊ बुडबुडे येतात."