गिनतीची जोडी

मी पाळण्यात असताना तुरुंगात गेलेले बाबा जन्मठेप भोगून चामोर्शीला परतले. दिवस मावळला की ते अंगणात मान खाली घालून उकिडवे बसायचे, डावीकडे एका माणसाची जागा सोडून.

"ही जागा कोणासाठी?"

"जोडीदारासाठी, रश्मी. जेलात गिनतीले जोडीनंच बसा लागते. एकटा दिसला का मार पडते."

मला कीव यायची. मग एका सकाळी, आदल्या सांजेला सारवलेल्या अंगणात टाचांचे ठसे दिसले. दोघांचे.

काल बाबांनी डावीकडे पाहिलं आणि ती जागा हातानं चाचपली.

"जोडीदार सुटला वाटते. पोरी, लवकर बस. शिपाई मोजत येऊन राह्यले."

"इथी कोणीच नाई, बाबा," असं म्हणेपर्यंत मी त्यांच्या शेजारी उकिडवी बसलेही होते.

माझ्या खांद्याला मागून काठी टेकली.