चौदा सुतारपक्षी

तिने रेकॉर्डिंग पुन्हा मागे घेतलं आणि हेडफोन कानांवर घट्ट दाबले. सुतारपक्ष्याची साद, मग क्षणभर शांतता, आणि त्यानंतर अगदी पुसट असा कुणाचा तरी खोकला. सातव्या नोंदीत होता तसाच तो अकराव्या नोंदीतही होता. तिच्या अहवालावरची सुनावणी चार वाजता होती आणि भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन झाले होते.

जंगल शहराच्या डोक्यावरच होतं. गेल्या उन्हाळ्यात तिथली आग उतरत उतरत शेवटच्या गल्लीपर्यंत आली, तेव्हा वनखात्याने वरचा पट्टा विरळ करायचं ठरवलं. सुकलेली झाडं काढायची, दाटी कमी करायची. त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासायचं काम तिच्याकडे आलं. तिने अहवालात लिहिलं, की बाकीचा पट्टा खुशाल विरळ करा, पण मधल्या जुन्या झाडीला हात लावू नका. तिथे दुर्मीळ सुतारपक्ष्याच्या चौदा नोंदी आहेत. ती झाडी नेमकी शेवटच्या गल्लीच्या वर होती, आणि त्या गल्लीत तिची थोरली बहीण राहत होती. ताईने दोन महिने अबोला धरला होता. त्याआधी एवढंच बोलली होती, की तुझी पाखरं सुखात राहू देत, आम्ही आपले जळतो.

पक्षी मोजायची रीत साधी. जंगलात उभं राहून पक्ष्याच्या सादेचं रेकॉर्डिंग वाजवायचं आणि कुठून उत्तर येतं का ते ऐकायचं. आलेलं उत्तर रेकॉर्ड करून ठेवायचं, ती एक नोंद. तिच्या सोबतीला पंचवीस वर्षं जंगल तुडवलेले मामा होते. सगळं ऑफिस त्यांना मामाच म्हणे. तिने त्यांना बोलावून हेडफोन दिले. मामांनी डोळे मिटून ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"मॅडम, हा माझा खोकला आहे," ते म्हणाले. "आपण जंगलात वाजवतो ते मूळ रेकॉर्डिंग मीच केलं होतं. तेव्हा मला सर्दी होती."

मग सगळा उलगडा झाला. एकाने रेकॉर्डिंग वाजवायचं त्या सकाळी दुसऱ्याने जंगलात पाऊल टाकायचं नाही, हा नियम. पण अहवालाची तारीख अलीकडे ओढली गेली आणि वेळ वाचवायला दोघांनी एकाच वेळी काम उरकलं, ती या उतारावर, मामा समोरच्या. मधे झाडी. मामांनी वाजवलं की तिने पक्षी लिहिला, तिने वाजवलं की मामांनी लिहिला. दोन शहाणी माणसं आठवडाभर एकमेकांना सुतारपक्षी समजत होती. एरवी ती पोट धरून हसली असती. तिने चौदाही नोंदी तपासल्या आणि चौदाही खोकत होत्या.

मामा हळूच म्हणाले, की हे आणखी कुणाला कळायचं नाही. ते खरंच होतं. गप्प बसावं तर ताईच्या घरावर आगीची टांगती तलवार तशीच ठेवायची, तीही कुणी न पाहिलेल्या पक्ष्यासाठी. बोलावं तर झाडी आजच तोडणीच्या यादीत जाणार, आणि उद्या शहरभर बोभाटा होणार की बहिणीसाठी बाईने पक्षी उडवून लावले. पुन्हा मोजायचं तर विणीचा हंगाम यायला हवा, आणि खातं तितकं थांबणार नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर. तिला फार भीती वाटत होती.

चार वाजता शेवटची गल्ली सगळी सभागृहात येऊन बसली होती. ताई दुसऱ्या रांगेत होती, मुद्दाम खिडकीकडे बघत. धाकटीने उभं राहून सगळं सांगितलं, दोन उतार, खोकला, मोडलेला नियम, आणि चूक आपली एकटीची आहे असंही. आधी हशा पिकला, मग टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी विचारलं, की मग त्या झाडीत पक्षी किती धरायचे.

"पुराव्याने म्हणाल तर एकही नाही," ती म्हणाली.

अध्यक्षांनी अहवालातल्या त्या अटीवर काट मारायला पेन उचललं, तेवढ्यात ताई उभी राहिली. शेजारणीने तिचा हात धरून खाली ओढलं, पण ती बसली नाही.

"एक जोडी आहे," ताई म्हणाली. "अहवालातल्या फोटोत आहे तशीच. रोज सकाळी वरून आमच्या कुंपणावर येते. सांगितलं असतं तर झाडी राहणार हे पक्कं झालं असतं, म्हणून मी इतके दिवस बोलले नाही."