न सांगता जाणारी लाइट

लेकीला पेनिसिलिन चालत नाही, हे कॉम्प्युटर विसरला तर? दवाखान्यात रुग्णांच्या नोंदींसाठी डेटाबेस निवडणं चाललं होतं आणि लेकीला घेऊन बाकावर बसलेली आई ते ऐकत होती.

डॉक्टरीणबाईंनी आपापले कॉम्प्युटर घेऊन आलेल्या दोन्ही विक्रेत्यांना या मुलीचीच माहिती भरायला लावली आणि सेव्ह होत असतानाच प्लग उपटले.

“अहो मॅडम, हे काय!” एकजण ओरडला.

“आपल्या गावची लाइट काय सांगून जाते?”

पुन्हा सुरू केल्यावर पहिल्या कॉम्प्युटरवर पेनिसिलिनचं नाव दिसलं, त्याची ॲलर्जी आहे ही नोंद मात्र गायब. दुसऱ्यावर नोंदच नव्हती. त्याचा विक्रेता ओशाळला.

“हा दुसराच घेऊ,” बाई म्हणाल्या. “अर्धवट नोंदीवर विसंबून मी सुई टोचून बसले असते. कोरं दिसलं तर आईला तरी विचारेन.”

लेकीला कडेवर घेत ती उठली. “मग विचारा की, बाई!”