पाटातला फेस

प्रयोगशाळेत नळी हलवून तिनं स्टँडमध्ये ठेवली आणि खालचा थर निळा होताना बघत उभी राहिली. पाण्यात साबणाच्या जातीचं काही असलं की रंग असा खाली उतरतो. पाणी तिच्या घरच्याच तळ्याचं होतं, मासे मेले त्या दिवशी भरून घेतलेलं. रंग इतका गडद आला की तिनं पाणी पातळ करून पुन्हा एकदा तपासलं.

तणनाशकाचा मागमूस नव्हता. सगळे त्याच्या मागे लागले होते आणि मारणारं निघालं भलतंच. स्टिकर! औषधाचे थेंब पानावरून ओघळू नयेत, नीट पसरावेत म्हणून मिसळायचं ते. त्याला विष कुणीच म्हणत नाही. पण पानावरच्या मेणाला जे सैल करतं, ते माशाच्या नाजूक कल्ल्यांना बरं सोडेल? बिचारे मासे पाण्यात असून गुदमरले. बेडकांचाही आवाज तेव्हापासून बंद होता.

म्हणजे सासरे म्हणत होते तेच खरं, शेजारच्या बागेतूनच आलं असणार.

या शेजाऱ्याला सगळे वकील म्हणत. कोर्टाची पायरी तो जन्मात चढला नव्हता, पण वाद घालायला त्याला कुठलाही विषय पुरायचा. सासऱ्यांचा तो लहानपणापासूनचा दोस्त. मासे मेले त्या संध्याकाळी सासरे त्याच्या फाटकाशी जाऊन ओरडले होते, "तुझ्या फवारणीनं माझं तळं गिळलं! पुन्हा तोंड दाखवू नकोस मला." येणारेजाणारे थबकले. आणि वकिलानं, चक्क वकिलानं, तोंडातून ब्र काढला नाही. मान खाली घालून आत गेला. ज्यानं काही केलेलं नाही तो माणूस असा जातो होय?

रात्री जेवताना तिनं नवऱ्याला सहज विचारलं, "त्या दिवशी आपला फवारणीचा पंप कुठं धुतलास रे?"

"तू सांगितलंस तिथंच. लांबच्या खड्ड्यापाशी. औषधाचा थेंब तळ्याकडे जाऊ दिला नाही." त्यानं वाटी पुढं ओढली. "मग नुसत्या स्टिकरच्या पाण्यानं आतून स्वच्छ काढला, पाटावर. डबा संपतच आला होता, तोही खळबळून ओतला. कसला फेस आला होता, बघायला हवा होतास! पण तो काय, साबणच की. तूच म्हणाली होतीस."

म्हणाली होती खरी. पाट सरळ तळ्यात जात होता.

त्याला सांगायची तिची छाती झाली नाही. त्यांची मुलगी तापानं फणफणली होती तेव्हा तो म्हणाला होता, "साधा ताप आहे, उजाडल्यावर नेऊ." उजाडलं तेव्हा न्यायला काही उरलं नव्हतं. त्यानंतर त्यानं अंथरूण धरलं, भिंतीकडे तोंड केलं आणि बोलणंच टाकलं. शेवटी सासऱ्यांनी तळ्यात माशांची पिल्लं सोडली आणि खाद्याची बादली त्याच्या हातात दिली. पिल्लांशी बोलता बोलता तो हळूहळू माणसांशी बोलायला लागला होता. हेही आपल्याच हातून मेले असं कळलं, तर तो पुन्हा भिंतीकडे वळला असता. या वेळी कुणालाच त्याला परत आणता आलं नसतं.

ती मूग गिळून गप्प बसली. सासू असती तर तिच्या कुशीत रडून मोकळी झाली असती, पण तीही नव्हती.

दोन म्हाताऱ्यांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. वकील समोरून दिसला की सासरे रस्ता बदलायचे. पुढं वकिलाला दम लागायला लागला, मग तो बाहेर दिसेनासाच झाला. त्याच्या घरून खोकल्याचा आवाज यायचा आणि इकडे तिच्या काळजात चर्र व्हायचं.

"बाबा, एकदा भेटून या," ती म्हणाली. "त्यांचं काही खरं दिसत नाही."

"त्याचं नाव काढू नकोस या घरात."

"जाऊ द्या ना आता," नवराही म्हणाला. "माशांपायी माणूस तोडायचा का, बाबा? चुकून झालं असेल त्यांच्या हातून."

सासरे भरल्या ताटावरून उठले.

वकील गेला तो एका दुपारी. तिचा नवरा खांदा द्यायला गेला. सासरे मात्र मासे नसलेल्या तळ्याच्या काठावर, रस्त्याकडे पाठ करून बसून राहिले. तिला आता राहवेना. ती जाऊन त्यांच्याशेजारी बसली.

"बाबा, त्यांनी काही केलं नव्हतं." ती म्हणाली. "स्टिकर आपल्याच पाटातून गेलं. तुमच्या मुलानं पंप धुतला, साबणच तर आहे म्हणून. ते सुद्धा मीच त्याला सांगितलेलं. मला सगळं माहीत होतं, तरी मी बोलले नाही. माझ्यामुळं तुमचा मित्र असा..." पुढं तिला हुंदकाच आवरेना.

सासरे पाण्याकडे बघत होते.

"मी बघितलं होतं त्याला पंप धुताना," ते म्हणाले. "मासे वर येऊन तडफडायला लागले तसा मागच्या दारानं धावत वकिलाकडेच गेलो. म्हटलं, आता पोराला कळलं तर पोर हातचं जाईल."

तिनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

"तोच म्हणाला, माझ्यावर घाल. संध्याकाळी फाटकाशी ये आणि चार माणसं ऐकतील असं ओरड. मी एक शब्द बोलणार नाही."