पटलावर न ठेवलेला नियम

"पुस्तकांचं नंतर," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आधी सांगा, हा बदल सभागृहाच्या पटलावर ठेवला होता का?"

शमिका गोंधळली. रत्नागिरीच्या विश्रामगृहात विधिमंडळाची समिती तिच्याच तक्रारीवर बसली होती. वकिलीच्या सनदेची परीक्षा आजवर कायद्याची पुस्तकं उघडून देता यायची. परीक्षा मंडळाने ऐन वेळी पुस्तकं बंद केली आणि शमिका सात गुणांनी हुकली. फेरतपासणीच्या अर्जाला तीन महिने उत्तर नाही, म्हणून ही तक्रार. तीन पानी टिपण पाठ करून ती आली होती. त्यातलं अक्षरही कुणी विचारत नव्हतं.

परीक्षा मंडळाच्या सचिवांनी फाईल चाळली, पुन्हा चाळली. "नाही ठेवला."

"मग तो नियमच झाला नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "सभागृहापुढे न मांडलेला बदल लागू होत नाही."

पर्समध्ये फोन थरथरला. पूर्णगडहून आप्पा, तिचे वडील. सकाळपासून चौथ्यांदा. एसटी मिळाली का, जेवलीस का, हेच असणार. तिने फोन आत ढकलला.

मागून ओमकार उठला. कॉलेजात तो तिच्याच बाकावर बसायचा. "मॅडम, मी त्याच परीक्षेत पास झालोय. महिनाभर कोर्टात उभा राहतोय. माझं काय?"

"ते तक्रारदारांनाच विचारू," अध्यक्षबाई शमिकाकडे वळल्या. "फक्त नापास झालेल्यांना पुन्हा बसवायचं, की निकालच रद्द करायचा?"

हा प्रश्न टिपणात नव्हता. तिने उगीचच पानं उलटली.

"शमे, सांभाळून बोल हां," ओमकार पुटपुटला.

"निकालच रद्द करा," ती म्हणाली. "नियम नव्हता तर तो कुणालाच नव्हता."

आपण इतकं नेमकं कसं बोललो, तिचं तिलाच कळेना. अध्यक्षबाईंनी मान डोलावली. सगळे निकाल मागे घेत असल्याचं सचिवांनी तिथल्या तिथे लिहून, सही करून दिलं. नवी परीक्षा पुढच्या वर्षी. ओमकार तडक निघून गेला. त्याचा काळा कोट खुर्चीवरच राहिला.

शमिका व्हरांड्यात आली तोच फोन पुन्हा थरथरला.

"हां, आप्पा."

पलीकडे होडीच्या इंजिनाची धडधड. "अगो, किती फोन करायचे तुला? पोस्टमन येऊन गेला. फेरतपासणीचं पत्र आलंय. अकरा मार्क वाढले गो बाय, पास झालीस तू!" आप्पा हसत होते की रडत होते, समजेना. मग त्यांनी आवाज खाली आणला. "तिथं अजून काय बोलली नाहीस ना?"